अराद-सातची माती

अराद-सातच्या कुंडीत गाठी यायला नको होत्या.

लीनाने मेथीचं रोप मुळासकट उपटलं, बादलीतल्या पाण्यात हलकेच हलवून वाळू सोडवली आणि मुळं पांढऱ्या ट्रेमध्ये पसरली. मोहरीएवढ्या गाठी, त्याही एकदोन नव्हेत, मुख्य मुळाला लागून घोसाघोसाने आलेल्या. तिने एक गाठ ब्लेडने चिरली. आतून गुलाबी. म्हणजे गाठीतले जिवाणू नुसते जिवंत नव्हते, कामाला लागले होते. हवेतला नत्र धरून रोपाला पुरवत होते. तिने मेथीची दुसरी कुंडी पाहिली, मग तिसरी. सगळीकडे तेच.

शेजारी अराद-सहा आणि अराद-आठच्या कुंड्या होत्या. त्यातली मुळं पांढऱ्या दोऱ्यांसारखी स्वच्छ, पानं पिवळी. असंच असायला हवं होतं. हे नमुने अरादजवळच्या जागेचे, आणि तिथली सगळी जमीन समुद्राच्या तळातली वाळू उपसून, भर घालून केलेली. जिथे कधी शेंगेचं झाडच उगवलं नाही, तिथे शेंगेच्या मुळाशी राहणारा जिवाणू कुठून येणार?

सलमाबादच्या गोदामांच्या रांगेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये हे काम चालू होतं. कंपनी बागा लावून देणारी. एका बिल्डरला बहरीनमध्ये निरनिराळ्या ठिकाणी बागा करायच्या होत्या आणि कुठल्या मातीत हे जिवाणू आधीपासून आहेत, कुठे ते बाहेरून घालावे लागतील, याचा नकाशा त्याला हवा होता. लीनाने ऑक्टोबरात माती गोळा केली होती. बुदय्याकडच्या खजुराच्या बागांतली, हमद टाउनच्या चौकांच्या कडेची, दक्षिणेच्या उघड्या माळावरची, मिठाने पांढऱ्या पडलेल्या खाजणातली आणि समुद्रात भर घातलेल्या, बिल्डरच्याच मालकीच्या जमिनीची. प्रत्येक माती थोडी पाण्यात कालवायची, ते पाणी उकळून-भाजून घेतलेल्या वाळूच्या कुंड्यांत घालायचं, काहींत मेथी, काहींत चवळी पेरायची आणि दीडेक महिन्याने मुळं उपटून पाहायची. जिथे जिवाणू असतील तिथे गाठी धरतील. सोपं काम होतं, पण हात स्वच्छ हवा.

नकाशा छान जमत आला होता. जुन्या बागांत गाठीच गाठी. माळावर रानटी झुडपांच्या बुंध्याशी थोड्या. खाजणात जवळजवळ नाहीत. भरावाच्या जमिनीवर शून्य. फक्त अराद-सात तेवढं मध्येच उठून बसलं होतं.

कंपनीचा प्रमुख राजन कोलवणकर. दादरचा, पन्नाशीचा, आवाज कधी न चढवणारा माणूस. त्याने ट्रेमध्ये वाकून पाहिलं.

"त्या दिवशी सकाळी तू बुदय्याला गेली होतीस ना? आणि दुपारी अरादला?"

"हो."

"खुरपं तेच?"

"प्रत्येक ठिकाणी स्पिरिटने पुसलं होतं."

"प्रत्येक ठिकाणी?"

"हो," लीना म्हणाली.

राजन सरळ उभा राहिला. ट्रे तिच्याकडे सरकवत म्हणाला, "होतं असं. एवढी वर्षं सुटलेलं काम असतं. एक ठिपका गाळून टाक. बाकी सगळं उत्तम आहे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी परतताना गाडीत ती तो दिवस पुन्हा पुन्हा आठवत राहिली. सहा नंबरला तिने खुरपं पुसलेलं आठवत होतं. स्पिरिटची बाटली वाऱ्याने कलंडली होती. आठ नंबरलाही आठवत होतं. पण सातला? सातच्या वेळी मुलीच्या शाळेतून फोन आला होता, स्पृहाला ताप आहे, घेऊन जा. एका हाताने फोन कानाला धरून तिने माती पिशवीत भरली होती. त्याच्या आधी पुसलं होतं का? तिथे आठवणीत नुसतं भोक होतं.

अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याला, ओजसला, इथल्या बँकेत नोकरी लागली तेव्हा लीनाने पुण्यातली प्रयोगशाळा सोडली. मग स्पृहा लहान, मग कोविड, मग अमुक, मग तमुक. गेल्या वर्षी राजनने विचारलं तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं होतं. पहिल्या दिवशी काचेच्या थाळीवर सुईने जिवाणूंची रेघ ओढताना हात थरथरला नव्हता, याचा तिला केवढा आनंद झाला होता. आणि आता हे.

त्या आठवड्यात तिचं कशातच लक्ष लागेना. जेवताना ओजस म्हणाला, "एक ठिपका गाळला तर काय बिघडतं?"

"नकाशा खोटा होतो."

"किंवा खरा होतो. चूक तुझी असेल तर?"

ती उठून भांडी आवरायला लागली. स्पृहा ओट्याला टेकून बघत होती. "मम्मा, यू आर डुइंग इट अगेन."

"काय?"

"द स्पून."

लीनाने हातातल्या चमच्याकडे पाहिलं. कोरडा, लखलखीत. किती वेळ पुसत होती कोण जाणे.

फ्रिजमध्ये अराद-सातची थोडी माती शिल्लक होती. तिने सगळं नव्याने केलं. कुंड्या नव्या, वाळू दोनदा भाजलेली, हातमोजे दर कुंडीला वेगळे. शिवाय काही कुंड्यांत कुठलीच माती घातली नाही. तिथे गाठी आल्या तर समजायचं की घाण शेडमधूनच येतेय. मग वाट पाहणं आलं. मेथीला घाई नसते. लीना रोज सकाळी शेडमध्ये शिरली की आधी तिकडे जायची, जणू पानं बघून मुळांचं कळणार होतं.

जानेवारीच्या शेवटी तिने मुळं धुतली. माती न घातलेल्या कुंड्या स्वच्छ. अराद-सातच्या कुंड्यांत गाठी, गुलाबी, भरगच्च.

राजन म्हणाला, "पण लीना, फ्रिजमधली माती ही त्याच पिशवीतली. खुरप्यावरून आलं असेल तर पिशवीतच आलं असणार. यावरून काय सिद्ध होतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. तिला ते आधीच माहीत होतं. "मी पुन्हा जाऊन माती आणते."

"रिपोर्ट फेब्रुवारीअखेर द्यायचाय."

"आज जाते."

वाटेत तिने दुकानातून नवं कोरं खुरपं घेतलं. पुलावरून मुहर्रककडे जाताना वारा गाडीला ढकलत होता, समुद्र राखाडी झाला होता. अरादच्या पलीकडच्या त्या मोकळ्या जागेत शाळेच्या पिवळ्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या, ऑक्टोबरात होत्या तशाच. त्यांच्या मागे प्लायवूडच्या जुन्या फळ्यांचा आडोसा होता. ऑक्टोबरात त्या आडोशामागे नुसती वाळू होती आणि एक पाय मोडलेली खुर्ची. म्हणूनच तिने ती जागा निवडली होती. वाऱ्यापासून आडोसा मिळाला होता.

ती फळ्या ओलांडून आत गेली आणि जागच्या जागी थांबली.

"अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली.

समोर वाफे होते. मेथी, कोथिंबीर, मुळा. बसच्या जुन्या खिडक्यांचे गज रोवून त्यावर चवळीचा वेल चढवलेला. सगळं मिळून एखाद्या मोठ्या खोलीएवढं असेल, पण त्या उजाड जागेत ते हिरवं डोळ्यांत घुसत होतं.

"मॅडम, ये खाली टाइमपास है," मागून आवाज आला. "कुछ बांधकाम नहीं किया."

खाकी पँट घातलेला, सत्तावन्न-अठ्ठावन्नचा एक माणूस पाण्याचा डबा घेऊन उभा होता. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे त्याची नजर होती.

"मी बलदियाकडून नाही आले," लीना मराठीत म्हणाली. महानगरपालिकेला इथे सगळे बलदियाच म्हणतात. "मी माती तपासते."

त्याने डबा खाली ठेवला. "मराठी होय? मग आधी बोलायचं ना म्याडम. माजा जीव गेला."

त्याचं नाव रावजी भुवड. गुहागरकडचा. तेवीस वर्षं बहरीनमध्ये, त्यातली बरीचशी शाळेच्या बसवर ड्रायव्हर. सकाळची फेरी झाली की दुपारपर्यंत रिकामा वेळ, तो या वाफ्यांत जायचा. उन्हाळ्यात इथे काही जगत नाही. सगळं सुकतं, पुन्हा वाळू होते. थंडीला सुरुवात झाली की तो पेरायचा. गेली चार वर्षं.

"भुवडकाका, एक मेथी उपटू का? एकच."

"जुडी न्या की."

"जुडी नको. मुळं हवीत."

तिने खुरप्याने खोल खणून रोप अख्खं काढलं, बाटलीतल्या पाण्याने धुतलं. गाठी. तशाच, घोसाने. मग तिने चवळी काढली. मुळं लांबलचक, पण एकही गाठ नाही. दुसरी काढली. तीही कोरी.

रावजी थोडा अस्वस्थ झाला. "कीड पडलीय काय?"

"नाही, नाही. हे चांगलं आहे." ती भराभर बोलायला लागली. प्रत्येक शेंगेचा जिवाणू वेगळा असतो. मेथीचा चवळीला चालत नाही. मेथीचा चालतो तो लसूणघासाला. मेथीला इथे गाठी आहेत आणि चवळीला नाहीत, म्हणजे ही माती कधीतरी लसूणघासाच्या वाफ्यात होती. "काका, ही माती कुठून आणलीत?"

"कुठून म्हंजे? हितलीच."

"इथली नाही. इथली समुद्राची वाळू आहे."

रावजीने बसगाड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कुणाला सांगायचं नाय हां. बुदय्याच्या वाटेवर एक खजुराची बाग होती. तिथं जेसीबी घातला. माती ट्रकात भरून कुठंतरी फेकणार होते. मी बिगारी पोरांना सांगून गोण्या भरून घेतल्या. बसच्या मागच्या शिटांवर टाकून आणल्या, नंतर अख्खी बस धुतली."

"तिथे गवत होतं का? तीन पानांचं, जांभळी फुलं येतात."

"जत? बकऱ्यांना घालतात ते? होतं की, पाटाच्या कडेनं सगळं जतच होतं."

लीना खाली वाळूतच बसली. तिला हसू येत होतं. तिचं खुरपं स्वच्छ होतं. किंवा नसेलही; आता त्याने काही फरक पडत नव्हता. जिवाणू खरोखरच इथे होते, ती येण्याआधी चार वर्षांपासून होते, दर उन्हाळ्यात तापलेल्या वाळूत तग धरून होते. रावजी तिच्याकडे काळजीने बघत होता. शेवटी त्याने मेथीची एक जुडी बांधून तिच्या हातात दिली. ती पैसे काढायला लागली तर त्याला राग आला.

त्याच दुपारी ती बुदय्याच्या वाटेवर ती बाग शोधत गेली. मूळ जागेचाही नमुना हवा होता. रावजीने सांगितलेली मशीद सापडली, मशिदीमागचा दवाखाना सापडला. त्यापुढे भाड्याच्या फ्लॅट्सची इमारत होती आणि तिच्याभोवती फरशी घातलेलं पार्किंग. माती कुठेच दिसेना. तिने दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला वॉचमनने काय हवंय म्हणून विचारलं आणि ती परत फिरली. म्हणजे त्या बागेचं म्हणून जे काही उरलं होतं ते आता त्या प्लायवूडच्या फळ्यांमागे होतं, दुसरीकडे कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी ती राजनला घेऊन अरादला गेली. रावजी फेरीवर होता. राजनने वाफे पाहिले, मुळं पाहिली, फोटो काढले. परतताना गाडीत म्हणाला, "लीना, सॉरी."

"ठीक आहे."

"नाही, ठीक नाही. मी तुझ्या हातावर शंका घेतली."

त्या एका वाक्यावर ती पुढचे दोन आठवडे पळत राहिली. गाठींमधून जिवाणू वेगळे काढले, थाळ्यांत वाढवले. रावजी बस धुवायच्या नळाचं मचूळ पाणी घालत असे, म्हणून तिने मिठाचं प्रमाण चढवत चढवत पाहिलं. बाकी बागांतले जिवाणू जिथे थांबले, त्याच्याही पुढे अराद-सातचे वाढत राहिले. खाऱ्या जमिनीवर घालायला याहून चांगलं काही बाहेरून मागवून मिळालं नसतं. तिला झोपताना थाळ्या दिसायच्या. सकाळी सिग्नलला उभी असताना ती रिपोर्टची वाक्यं जुळवायची. ओजस म्हणाला, "आता तर तुझं बरोबर निघालं ना? मग अजून चैन का नाही?" आपलं बरोबर आहे हे कागदावर उतरून सगळ्यांनी वाचेपर्यंत ते खरं नाही, असं काहीसं होतं ते.

रिपोर्टमध्ये अराद-सातच्या ठिपक्याखाली तिने स्वतः टाइप केलं: ही माती माणसांनी आणून टाकलेली आहे, सध्या तिथे भाजीपाल्याची लागवड चालू आहे. सोबत राजनने काढलेला फोटो. नकाशावर जागेचे अचूक आकडे. पाठवण्याचं बटण दाबलं तेव्हा तिला हलकं हलकं वाटलं.

उत्तर एका गुरुवारी आलं. राजनने ते तिच्या स्क्रीनवर उघडलं. बिल्डरच्या इंजिनियरने रिपोर्टचं कौतुक केलं होतं. खाली एक ओळ होती: आमच्या जागेवरचं अतिक्रमण लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, रविवारी जागा साफ करून घेत आहोत.

लीनाने ती ओळ पुन्हा वाचली. "राजन, हे आपण सांगितलं नाही त्यांना."

"सांगितलं. फोटोसकट."

"तो ठिपका काढून टाका."

"रिपोर्ट गेला, लीना."

"मग फोन करा. सांगा ते जिवाणू दुसरीकडे कुठेच नाहीत."

राजनने फोन केला. स्पीकरवर केला, तिला ऐकू यावं म्हणून. पलीकडचा माणूस नीट बोलला. जिवाणू तुमच्या थाळीत आहेत ना, मग जमिनीत कशाला हवेत? नळाचं पाणी कोणाच्या परवानगीने वापरलं जातंय? उद्या तिथे कुणाला साप चावला तर जबाबदार कोण? बस उभ्या करायला दिल्यात हीच मेहेरबानी. खलास.

फोन ठेवून राजन म्हणाला, "तूच म्हणत होतीस, ठिपका राहू दे."

ते खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी ती अरादला गेली. सुट्टीचा दिवस, बसगाड्या सगळ्या जागेवर. रावजी चवळीच्या शेंगा तोडत होता. तिला पाहून हसला. "या ताई. आज काय उपटायचंय?"

म्याडमचं ताई झालं होतं. तिला वाटलं, गाडीत बसून परत जावं.

तिने सगळं सांगितलं. कुठेही न थांबता, आपली बाजू न घेता. रिपोर्ट मी लिहिला, जागा मी दाखवली, परवा जागा साफ करायला लोडर येणार आहे. हातातल्या शेंगा रावजीने टोपलीत ठेवल्या.

"तुमीच लिवलंत?"

"हो. तुमचं नाव नाही घातलं."

"मी तुमाला भाजी दिली," रावजी म्हणाला.

वारा फळ्यांवर आपटत होता. रावजीने पाठ फिरवली आणि कोथिंबिरीला पाणी घालायला लागला, परवा जी राहणार नव्हती त्या कोथिंबिरीला. एक वाफा संपवला, दुसरा घेतला. लीना उभी होती. पाय निघत नव्हते आणि थांबून करायचं काय तेही कळत नव्हतं.

"काका, माती हलवू या," ती शेवटी म्हणाली. "आमच्या शेडच्या मागे जागा आहे, सलमाबादला. मी राजनना विचारलंय. तिथे कोणी हात लावणार नाही."

"सलमाबादला मी कवा येणार? पाचला माजी ड्युटी चालू. तिथं ऱ्हाईल ती तुमची माती." त्याने डबा आपटला. "तुमाला त्यातले किडे पायजेत. मला भाजी पायजे. माज्या खोलीत सात माणसं झोपतात. तिथं काय डोक्यावर वाफा करू?"

तेवढ्यात त्याने खिशातून फोन काढला आणि थोडा लांब जाऊन कुणाशी तरी बोलला, गल्फच्या त्या हिंदीत, ज्यात निम्मे शब्द अरबी असतात. परत आला तेव्हा चेहरा तसाच होता.

"बोलत काय उभ्या ऱ्हायलात? फावडं तिकडं हाय. धरा."

तिने फावडं धरलं. रोपं त्याने स्वतः काढली, मुळांना मातीचा गोळा राखून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. लीना माती भरत राहिली. वरची वीतभर, जिथे मुळं होती तेवढीच. खालची वाळूच होती. तासाभरात तिच्या तळव्यांना फोड आले. रावजीने पाहिलं आणि पुढची गोणी तिच्याकडे सरकवली.

मग अंगभर काळा अबाया घातलेली एक बाई फळ्यांतून आत डोकावली. सुमय्या, रावजीच्या बसवर लहान मुलांना सांभाळणारी. तिचं घर अरादच्या जुन्या गल्लीत, चालत जाण्याच्या अंतरावर.

"रावजी, इतना सब?" तिने गोण्यांकडे पाहून कपाळाला हात लावला. "मेरा हौश में दीवार के पास खाली है. छोटा खाली. यल्ला, जितना आता है उतना लाओ."

हौश म्हणजे घरातलं अंगण. तिच्या दोन अटी होत्या. अर्धी भाजी तिची. आणि कारलं लावायचं नाही, तिच्या आईला वासानेही चालत नाही.

"कारला मफी," कारलं अजिबात नाही, असं रावजी म्हणाला आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्याच्या आवाजातला ताण जरा सैल झाला.

लीनाच्या गाडीतून फेऱ्या झाल्या. सुमय्याचं अंगण चटई अंथरावी एवढंच होतं, भिंतीच्या सावलीत. निम्म्या गोण्याही तिथे मावल्या नाहीत. उरलेल्या घेऊन ते पुन्हा बसगाड्यांपाशी आले तेव्हा रावजी घाम पुसत म्हणाला, "एक गोणी तुमी न्या. तुमच्या शेडला. एकच."

"बाकीच्या?"

"बाकीच्या हितंच. त्येंची जागा, त्येंची माती."

त्याने त्या गोण्या उलट्या करून वाळूवर पसरल्या. लीना त्याला थांबवणार होती, पण थांबवलं नाही.

रविवारी दुपारी ती मुद्दाम त्या बाजूने गेली. फळ्या गेल्या होत्या, जागा सपाट झाली होती. लोडरच्या चाकांचे ठसे आणि त्यात चिरडलेला एक मुळा. तिथून ती थेट शेडमध्ये आली आणि रिपोर्टची सुधारलेली प्रत करायला बसली. अराद-सातखाली लिहिलं: नमुना घेतल्यानंतर ही जागा साफ करण्यात आली असून आता तिथे हे जिवाणू असतील असं धरून चालू नये. राजनने वाचलं. "हे पाठवायची गरज आहे का?"

"आहे."

"पाठव मग." जरा थांबून तो म्हणाला, "यापुढे जिथे माणसं राबताना दिसतील तिथला ठिपका टाकायच्या आधी त्यांना विचारू."

हे आधी सुचायला हवं होतं, असं दोघांनाही वाटलं असणार.

रावजीचा फोन आला नाही. तिने दोनदा केला, त्याने उचलला नाही. मार्चच्या मध्यावर, ऊन चढायला लागलं तेव्हा, ती न कळवता सुमय्याच्या दारात जाऊन उभी राहिली. दुपारची वेळ होती. रावजी अंगणात उकिडवा बसून मेथी खुडत होता. सावलीमुळे मेथी उंच आणि किडकिडीत झाली होती, पण हिरवी होती.

"परत लिवणार काय?" त्याने वर न बघता विचारलं.

"नाही."

"मग कशाला आलात?"

"बघायला. जगली का ते."

तो खुडत राहिला. लीना दारातच उभी होती. आत यायला कोणी सांगितलं नव्हतं. सुमय्याची आई पलंगावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"खाली काय हाय ते मला म्हायत नाय," रावजी म्हणाला. "मी आता उपटत नाय. खुडतो."

"बरोबर आहे."

"उपटलं तर संपलं. खुडलं तर अजून एकदा येतंय. ऊन येण्याआधी."

"हो. नका उपटू."

तिला गाठी बघायच्या होत्या. इतक्या बघायच्या होत्या की हाताची बोटं शिवशिवत होती. एक रोप, कडेचं, वाळकं असलं तरी चाललं असतं. तिने हात ओढणीत गुंडाळून घेतले.

सुमय्या आतून बाहेर आली. तिने खुडलेल्या मेथीचे दोन ढीग केले, एक मोठा, एक जरा लहान. लहान ढिगाकडे बोट दाखवून रावजी म्हणाला, "माजा एवढाच. यातली मी कुणाला देत नाय आता." मग मान मोठ्या ढिगाकडे वळवली. "तुमाला पायजे असंल तर तिला विचारा."

लीनाने सुमय्याकडे पाहिलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.